उघडता येत नव्हतं

मंगळवार, ७

कागदाच्या तळाशी बोट ठेवून मी म्हणाले, "इथे."

लंबूने पेन हातात घेतलं आणि थांबला. "सगळं लिहिलंत ना, मॅडम? मी बोललो तसं?"

"तुम्ही बोललात तसंच."

त्याने सही केली. एकेक अक्षर सुटं, लहान मुलासारखं. वरची दोन पानं इंग्रजीत होती.

तपासनीसांना आपली भाषा येत नाही. म्हणून कालपासून मी टायपिस्टची दुभाषी झाले आहे. ते इंग्रजीत विचारतात, मी आपल्या भाषेत सांगते, उत्तर येतं, ते मी इंग्रजीत टाइप करते. मॅनेजर साहेब कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असतात. परक्या माणसापुढे माझी माणसं बुजतात, असं त्यांनी तपासनीसांना सांगितलं. आपलं कुणी खोलीत आहे याने मलाही बरं वाटलं.

शनिवारी दुपारी आमच्या शीतगृहात, चार नंबरच्या खोलीत, पैलवान अडकला. तो पेट्या रचायचा. अंगाने काडी, म्हणून पैलवान. तो मागच्या रांगेत होता आणि दार बाहेरून लागलं. गोठवण्याचं यंत्र सुरू झालं. आतली मूठ बर्फाने धरली होती. उणे तीस. दोन तासांनी दार उघडलं. पुढचं लिहीत नाही.

लंबू त्या खोल्यांचा ऑपरेटर. त्याचा जबाब मला पाठ झाला आहे.

"आतून ठोकल्याचा आवाज आला. मला दार उघडता येत नव्हतं. साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, थांब. मी थांबलो. दाराला तोंड लावून ओरडत होतो, दम धर, फोन केलाय. मग ठोकणं थांबलं."

'उघडता येत नव्हतं' याचं मी केलं, कुड नॉट ओपन. तपासनीसांनी मान वर केली. कुड नॉट? मी म्हणाले, हो, कुड नॉट. त्यांनी वहीत काहीतरी लिहून त्याखाली रेघ मारली.

मग मॅनेजर साहेब बोलले. दार अडकलंय असा लंबूचा फोन आला, म्हणून त्याला थांबायला सांगून आपण फिटर शोधायला लागलो. शनिवार दुपार, फिटर सापडेना. एकाला एक जुळलं. दोन पानांत टायपिंगची एकही चूक नाही.

बुधवार, ८

फिटर आला. त्याने चार नंबरचं दार चाळीस वेळा लावलं आणि चाळीस वेळा बाहेरून उघडलं. मी शेजारी उभी राहून पॅडवर रेघा ओढत होते. शेवटचं त्याने करंगळीने उघडून दाखवलं.

"माझी चार वर्षांची नात उघडेल, मॅडम. हे दार अडकलं म्हणणारा एक तर आंधळा, नाही तर..." भिंतीशी उभा असलेला लंबू त्याला दिसला. त्याने वाक्य गिळलं.

मी इंग्रजीत करंगळी सांगितली. नात गाळली.

तपासनीस म्हणाले, मग तो उघडू शकत होता. हे त्यांनी विचारलं नाही, सांगितलं.

"काय म्हणाले?" लंबूने मला विचारलं.

"दार नीट आहे म्हणतात."

"नीटच आहे की. बिघडलंय असं मी कधी म्हटलं?"

हे वाक्य मी इंग्रजीत केलं नाही. कुणी विचारलंही नाही.

दुपारी लंबूला घरी पाठवलं. फाटकावर त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. पैलवानाचा भाऊ बाहेर उभा होता. तो लंबूच्या मागून चालायला लागला. दहा पावलं अंतर ठेवून. वळणापर्यंत मी पाहिलं.

मग आत येऊन पॅडवरच्या चाळीस रेघा पुन्हा मोजल्या.

गुरुवार, ९

जेवण गेलं नाही. बाबांना सांगितलं, डोकं दुखतंय.

शुक्रवार, १०

बाबांनी शेवटी काढून घेतलंच. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. आता मोतीबिंदू आहे, पण कान मास्तरचेच.

"नेमकं वाक्य सांग. तुझं नको, त्याचं."

"मला दार उघडता येत नव्हतं."

"येत नव्हतं म्हणजे? हात चालत नव्हते, कुलूप चालत नव्हतं, की कुणी चालू देत नव्हतं?"

मी ताटात बोट फिरवत राहिले.

"इथंच घोडं पेंड खातं. आपलं हे 'येणे' तीन घरचा पाहुणा आहे. मला पोहता येत नाही, तिथे येणे. खिडकी फुगली, उघडता येत नाही, तिथेही येणे. आणि नर्स दारात अडवून म्हणते, आता पेशंटला भेटता येणार नाही, तिथेही हेच. इंग्रजाने घरं वेगळी केली. कॅन इकडे, मे तिकडे."

"पण कुड नॉट परवानगीलाही चालतं, बाबा. तुम्हीच शिकवलंत."

"चालतं. पण दार, कुलूप, फिटर असं सगळं भोवती असलं की वाचणारा कॅनच्याच घरात शिरतो. व्याकरणात तू चुकली नाहीस."

"मग?"

"म्हणून तर भीती वाटते. चूक असती तर कुणीतरी खोडली असती."

मग ते त्यांच्या वर्गात गेले. नेहमी जातात. पोरं विचारायची, कॅन आय गो आउट, सर? बाबा म्हणायचे, पाय आहेत ना तुला? मग कॅन आहेच. मे आहे की नाही ते मी ठरवणार. एकाला त्यांनी 'मे' म्हणेपर्यंत उभं ठेवलं. दार चार हातांवर होतं, उघडं. त्याला 'मे' आठवेना. शेवटी वर्गातच त्याची चड्डी ओली झाली.

"सगळा वर्ग हसला," बाबा म्हणाले. "मीही हसलो." आता ते हसत नव्हते. "पळाला का नाही तो? उघडं दार होतं."

मी ताटं उचलली. नळाखाली धरलेलं ताट तसंच राहिलं. लंबूला चालू देत नव्हतं ते कोण?

शनिवार, ११

आठवडा झाला.

साठ्याचा कागद न्यायच्या निमित्ताने चार नंबरकडे गेले. दारावरची पाटी नव्हती. स्क्रूची चार भोकं होती आणि त्यांच्यामध्ये स्वच्छ रंगाचा चौकोन. झाडणारी मावशी म्हणाली, "रविवारीच काढली. रंग द्यायचाय म्हणे."

ती पाटी माझी. म्हणजे अक्षरं माझी. दोन वर्षांपूर्वी इंग्रजीवरून मी केली होती. इंग्रजीत 'मे नॉट' होतं, लाल दिवा लागलेला असताना, म्हणजे गोठवणं चालू असताना, दार उघडण्यास मनाई. मनाई हा शब्द मला दरडावल्यासारखा वाटला होता. मी लिहिलं, 'लाल दिवा लागलेला असताना दार उघडता येणार नाही.'

उघडता येणार नाही.

लंबू माझंच वाक्य बोलत होता. रोज आठ तास ते त्याच्या नाकासमोर होतं. तपासनीसांनाही ते माहीत असणार असं त्याने धरलं असेल. त्याच्याआधीच्या ऑपरेटरने एकदा लाल दिव्यात दार उघडलं होतं, अख्खा माल नरम पडला. त्याला त्याच दिवशी घरी बसवलं. लंबूला ती जागा तशी मिळाली.

मी 'उघडू नये' लिहिलं असतं तर लंबूही म्हणाला असता, उघडू नये असं होतं. मीही मग बरोबर लिहिलं असतं. आधी मी त्याला चुकीचा शब्द दिला आणि मग तोच त्याच्या तोंडून चुकीचा नेला. दोन्हीकडे मीच.

दुपारी जुन्या पाट्यांची फाइल काढली. माझा कच्चा मसुदा मिळाला. मूळ इंग्रजीत दोन ओळी आहेत, मी विसरले होते. दुसरी अशी, जिवाला धोका असल्यास कोणीही, कोणालाही न विचारता, दार उघडावे. माझं हे भाषांतरही खाली आहे, चांगलं आहे. त्यावर मॅनेजर साहेबांची तांबडी रेघ आणि समासात त्यांचं अक्षर, 'पाटी लहान. अक्षरे मोठी हवीत.' खाली तारीख आणि सही. त्या बाबतीत ते काटेकोर आहेत. अक्षरं खरंच मोठी आली होती. लांबून वाचता यायची.

कागद परत ठेवला. पुन्हा काढला आणि पिशवीत टाकला. का, ते कळलं नाही. फाटकावर पिशवी तपासतात हे रांगेत उभी राहिल्यावर आठवलं. पहारेकऱ्याने आत पाहिलं, म्हणाला, "आज डबा भरलेलाच परत?" मी हसले.

रविवार, १२

लंबूची बायको आली. आत या म्हटलं तर उंबऱ्यावरच थांबली.

"एकच विचारायचंय, ताई. तुम्ही काय लिहिलंत?"

"ते बोलले तेच."

"ते म्हणतात मी खोटं बोललो नाही. पोलीस म्हणतात, दार नीट होतं, हा खोटं बोलतोय. पैलवानाशी जुनी खुन्नस असेल म्हणतात. खुन्नस! दोघं एका डब्यात जेवायचे. माझ्या हातचं त्याला तिखट लागायचं म्हणून मी मिरच्या कमी केल्या होत्या." तिने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून उघडले. "तर मग कागदावर खोटं आलं कुठून? ह्यांच्या तोंडात नव्हतं. त्या परक्या साहेबाच्या कानात नव्हतं. मधे कोण होतं?"

मी पुन्हा आत या म्हटलं.

"बुधवारी तो साहेब कागद घेऊन जाणार. मग ह्यांना धरून नेणार. घरी बसून आहेत, जेवत नाहीत. दार वाजलं की म्हणतात, पैलवान आला."

आतून बाबांनी विचारलं, "कोण आहे गं?"

मी म्हणाले, "कुणी नाही."

तोंडातून निघून गेलं. तिने ऐकलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "कुणी नाही." आणि जिना उतरली. सावकाश, कठड्याला धरून.

सोमवार, १३

मॅनेजर साहेबांनी बोलावलं. बसायला सांगितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"तुमचं इंग्रजी स्वच्छ आहे," ते म्हणाले. "उगाच फाटे फोडत नाही तुम्ही." मग पाकीट पुढे केलं. मला कायम केलं आहे. आठ वर्षं दर सहा महिन्यांनी मी याची वाट पाहत होते, आणि आज पाकीट न उघडताच पिशवीत टाकलं.

"बुधवारी तपासनीस अहवाल घेऊन जातील. तोवर तब्येत जपा. ओढलेल्या दिसता. वडील दिवसभर घरी एकटेच असतात ना?"

मी हो म्हणाले. इतक्या कामात ते बाबांची आठवण ठेवतात.

उठताना त्यांनी जुन्या पाट्यांची फाइल मागितली. नव्या पाट्या करायच्या आहेत. मी लगेच पाठवली. एक कागद कमी आहे हे सांगितलं नाही. दिवसभर चोरी केल्यासारखं वाटत राहिलं.

बाबांनी पत्र भिंगाखाली धरलं. "तारीख कालची आहे."

"मग?"

"काल रविवार होता. एवढी काय घाई लागली होती त्यांना?"

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते, बाबा."

"मोतीबिंदू आहे ना. दुसरं काही दिसतच नाही."

रागाने मी पत्र काढून घेतलं. मग दोन घास खाल्ले आणि ओकले.

मंगळवार, १४

सकाळी, कामावर जायच्या आधी. सांगितलं तर काय होईल? जबाबाखाली दुभाषी म्हणून माझी सही आहे. पाटीचे शब्द माझे. फाइलीतला कागद मी नेला. मला धरतील. बाबांच्या डोळ्यांत थेंब कोण घालेल? नाही सांगितलं तर लंबूला धरतील.

मी सांगू शकते. हे वाक्य वर तीनदा लिहून खोडलं आहे. सांगू शकते म्हणजे नेमकं काय, ते मला आता कळेनासं झालं आहे.

संध्याकाळ. जेवणाच्या सुट्टीत मॅनेजर साहेब घरी जातात. तेव्हा मी गेले. तपासनीस एकटे होते, सफरचंद कापत होते. मी उभ्या उभ्या त्यांच्यापुढे एक पान ठेवलं. पहाटे उठून हाताने लिहिलं होतं, लंबूचं वाक्य, त्याचे अर्थ आणि पाटीवरचे शब्द. कचेरीच्या यंत्रावर टाइप करायचा धीर झाला नाही.

त्यांनी दोनदा वाचलं. दोन्ही अर्थांना एकच क्रियापद? मी पोहण्याचं, फुगलेल्या खिडकीचं आणि नर्सचं उदाहरण दिलं. आवाज इतका बारीक निघत होता की त्यांना पुढे वाकावं लागलं. मग त्याला कोणता अर्थ म्हणायचा होता, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ते मी सांगणार नाही, त्यालाच विचारा. एकदा मी त्याच्या वतीने ठरवलं, तेवढं पुरे. आणि गेल्या बुधवारी लंबू काय बोलला होता तेही सांगितलं, दार बिघडलंय असं मी कधी म्हटलं.

पाटी कुठे आहे? रंगासाठी काढली. कधी? अपघाताच्या दुसऱ्या दिवशी. त्यांनी सुरी खाली ठेवली.

मग मी मसुदा काढला. पाटी केवढीशी होती आणि जागेअभावी शब्द कसे तोलावे लागले, हे त्यांना दिसावं म्हणून. पण माझ्या ओळीकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते तांबड्या रेघेकडे बघत राहिले. रेघेखाली काय लिहिलंय? मूळ इंग्रजी वरच होतं, मी बोट दाखवलं. रेघ कुणाची? मी सांगितलं. समासात काय? पाटी लहान, अक्षरे मोठी हवीत. पाटी कुणी मापली होती? ते मला माहीत नव्हतं.

फोनवर 'थांब' म्हणाल्याचं पान त्यांनी शोधून काढलं आणि मसुद्याशेजारी ठेवलं. मग मसुदा पाकिटात घालून चिकटवला, जोडावर माझी सही घेतली, वेळ लिहायला लावली. हा कागद तुमच्याकडे आहे हे आणखी कुणाला माहीत आहे? कुणालाच नाही. ते म्हणाले, टेबलावर परत जाऊ नका, मागच्या दाराने घरी जा.

माझ्या चुकीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. याचीच जास्त भीती वाटते. रागावले असते तर शिक्षा केवढी ते तरी कळलं असतं. साहेबांची रेघ मी उगाच दाखवली. त्यांना बिचाऱ्यांना हकनाक प्रश्न विचारतील.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"पाटी किती लहान होती गं?" शेवटी विचारलं.

मी हातांनी दाखवलं. त्यांना नीट दिसत नाही हे विसरून. मग सांगितलं, वर्तमानपत्राच्या पानाएवढी.

"त्यात एक ओळ मावत नाही?"

मी उठून त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले.

पाचच्या सुमाराला समोर कचेरीची गाडी येऊन उभी राहिली. काच वर होती. कुणी उतरलं नाही. मी म्हणाले, आज न सांगता निघून आले, चौकशीला पाठवली असेल. बाबा म्हणाले, "खिडकी लाव." मग म्हणाले, "कडी घाल. खालचीही." त्यांनी स्वतःची खुर्ची ओढत नेऊन दाराला टेकवली आणि तीवर बसले. गाडी अर्धा तास होती.

"उद्या मी येतो तुझ्याबरोबर."

"तुम्हाला दिसत नाही, बाबा."

"ऐकू येतं."

बुधवार, १५

सकाळी नऊला हजर राहिले. बाबा फाटकाबाहेर रिक्षात बसून राहिले. कोपऱ्यातली मॅनेजर साहेबांची खुर्ची खोलीत नव्हती. दुभाषी म्हणून बाहेरून दुसरी बाई आणली होती. मला तिच्या समोर बसवलं. जबाब आपल्या भाषेत दिला, सव्वा तास लागला. माझ्यानंतर लंबूला बोलावलं, त्याचं वाक्य त्यालाच विचारायला. दारात तो बाजूला झाला, मला जाऊ दिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.